कूलरसाठी रकाना नव्हता

काल कूलर काढला. दोन माणसांनी गच्चीवरच्या खोलीतून तो उतरवला, बैठकीच्या खिडकीला लावला, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत ओढून काढलं आणि नवं भरलं. टाकीत पाणी सोडलं, पंप सुरू झाला आणि पाच मिनिटांत तो ओल्या लाकडाचा वास घरभर झाला. चंद्रपूरच्या माणसाला या वासाने हायसं वाटतं. आता चार महिने निभावतील, असं त्या वासातच लिहिलेलं असतं. मला मात्र काल तो वास सहन झाला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कैऱ्या किसत बसले.

रेवा, अनिरुद्ध, तुमच्याकडे अजून बर्फ वितळला नसेल. उन्हाळा हा शब्द तुम्ही आनंदाने उच्चारता, हे मी फोनवर ऐकलं आहे. इथे तो शब्द कुणी उच्चारत नाही, तो येऊन बसतो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नळाचं पाणी हाताला चटका देतं. बाहेर पडायचंच असेल तर खिशात कांदा आणि डोक्याला ओला दुपट्टा. आणि घरात सगळे जण एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, कूलरकडे. कूलरच्या थेट समोरची खुर्ची ही आमच्याकडे मानाची जागा. पाहुणा आला की आपण उठायचं आणि ती त्याला द्यायची. जावई आला तर विचारायलाच नको.

ही जागा मी मागच्या उन्हाळ्यात तुझ्या कॉम्प्युटरला दिली होती, रेवा.

तो तू त्याआधीच्या दिवाळीत आमच्या जेवणाच्या टेबलावर जुळवलास. तयार विकत घेण्यात काय मजा, म्हणालीस. पंधरा-वीस खोकी आली. मी प्रत्येकावर चिठ्ठी लावली. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून इडलीपात्राच्या खळ्यांत मापाप्रमाणे लावून दिले, तेव्हा तू हसलीस आणि फोटो काढून मित्रांना पाठवलास. काचेची बाजू असलेला तो डबा पहिल्यांदा सुरू झाला, आत रंगीत दिवे फिरायला लागले, तेव्हा तुमचे आबा म्हणाले, "हे तं जत्रेतलं दुकान वाटून राह्यलं." जाताना दारात तू मला एकच सूचना केलीस: "आजी, याला गार ठेवायचं." मी सूचना पाळणारी बाई आहे. घरातली सगळ्यात गार जागा मी त्याला दिली. कूलरपासून दोन हातांवर.

मागच्या वर्षी मार्चअखेर नागपूरच्या डॉक्टरांनी आबांचा घसा तपासला आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. सहा आठवड्यांनी ऑपरेशन. मी डॉक्टरांना विचारलं, "तोपर्यंत बोलू शकतील?" ते म्हणाले, "थोडं थोडं. ताण न देता." परतीच्या प्रवासात हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनात वेळापत्रक आखत होते. रोज सकाळी अकरा वाजता अर्धा तास. बालपण, शाळा, नोकरी, लग्न, तुमच्या बाबाचा जन्म. सहा आठवड्यांत सगळं बसत होतं. तुम्हाला तुमच्या आजोबांचा आवाज त्यांच्या आयुष्यासकट मिळेल, एवढंच मला हवं होतं. देवापाशी मी ते जगावेत हे मागितलं. स्वतःपाशी मात्र आवाज मागितला, कारण ते काम माझ्या हातातलं होतं.

रेकॉर्डिंग करायचं म्हणजे शांतता हवी. कूलरचा घरघराट कॉम्प्युटरच्या माइकमध्ये पावसासारखा येतो. म्हणून कूलर बंद. पंखा बंद. खिडक्या लावायच्या, दाराखाली सतरंजीची गुंडाळी. हे बनियनवर बसायचे, गळ्यात ओला दुपट्टा. दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावरून धारा लागायच्या आणि ते मान न हलवता बोलत राहायचे, फोटो काढताना बसतात तसे.

पहिल्या दिवशी ते अकरा मिनिटं बोलले. ऐकलं तर पाचव्या मिनिटापर्यंत नीट. मग आवाज तुटायला लागला. "माझी आई धान रोव... ला गेली की मला बांधीच्या... झोळीत..." शेतातल्या भातलावणीची आठवण, पण आवाज कुणीतरी कात्रीने कापावं तसा. शब्द गाळायचा, पुढे जायचं, पुन्हा गाळायचं. आणि अकराव्या मिनिटाला सगळा पडदा काळा. थोड्या वेळाने यंत्र आपलं आपण पुन्हा सुरू झालं, रंगीत दिव्यांसकट, जसं काही घडलंच नाही.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजी शिक्षणाने मला दोन गोष्टी दिल्या, रकाने आणि संकोच. त्याच दिवशी मी एक वही काढली आणि पट्टीने रेघा मारल्या. तारीख, वेळ, कितव्या मिनिटाला तुटलं, कोणता प्रोग्राम चालू होता, काय काय जोडलेलं होतं, स्टॅबिलायझरचा काटा कुठे होता, नुसता आवाज गेला की यंत्रच बंद पडलं. तू रोज फोनवरून सांगायचीस आणि मी करायची. माइकची जागा बदलली. जुने ड्रायव्हर काढून नवे टाकले. वीज वाचवायची सोय बंद केली. इंटरनेट तोडून पाहिलं. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या त्या काढून एकेक लावून पाहिल्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी त्या कट् असा आवाज होईपर्यंत दाबून खाचेत बसवल्या आणि मला अभिमान वाटला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आजी," तू म्हणायचीस. किती शहाणं वाक्य. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

प्रत्येक बदलानंतर चाचणी. चाचणीचं वाक्य मी यांना लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात. "नमस्कार. मी तुमचा आबा बोलतो आहे. एक, दोन, तीन, चार, पाच." तीस सेकंद. चाचणी दर वेळी उत्तम यायची. मी खूश. मग अर्ध्या तासाचं खरं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला पुन्हा कात्री.

हे कधी चिडले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "हे मशीन माह्यासारखंच हाय. याचाही गळा धरून राह्यला."

"'माझ्यासारखंच आहे' म्हणा," मी म्हणाले. "मुलांना कळलं पाहिजे."

हे मी आज लिहिते आहे, कारण कुणीतरी लिहायला हवं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. आरमोरीकडचा हा मुलगा वीज केंद्रात नोकरीला लागला, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला आणि पहिल्या महिन्यापासून मी त्यांचं बोलणं दुरुस्त करत आले. मले नाही, मला. काऊन नाही, का. माझ्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा हे कमी बोलायचे. मला ते सभ्य वाटायचं. रेकॉर्डिंगला बसताना मी पुन्हा बजावलं की नीट बोला. आणि ते नीट बोलले. जी काही तुकडे-तुकडे रेकॉर्डिंग आहेत ती ऐका, त्यात एक माणूस सरकारी अर्ज वाचल्यासारखा स्वतःचं बालपण वाचतो आहे.

एक दिवस तू विचारलंस, "आजी, खोली फार गरम होते का गं?"

मी म्हणाले, "नाही गं. कूलर आहे ना. सगळं नेहमीसारखंच आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. बाहेर पंचेचाळीस होतं, हेही नेहमीसारखंच होतं. ते सांगण्यासारखं आहे असं माझ्या मनातच आलं नाही. तुमच्या गावातला माणूस विचारल्याशिवाय बर्फाचं सांगतो का?

यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायला, मग मी सगळं जागेवर आणून चाचणी घ्यायला, दहा-पंधरा मिनिटं जायची. तेवढ्यात मी कूलर लावायची, यांना आंबील द्यायची. घोट घेतला की यांना बोलायचं असायचं. "अवं, ते तळ्यावरची गोष्ट सांगतली का मी तुले? बोडी फुटली होती तवाची?"

"थांबा. सुरू झालं की सांगा."

"तवापर्यंत इसरून जाईन ना मी."

"मग कागदावर मुद्दा लिहून ठेवा. घसा वाया घालवू नका."

असं एकदा नाही. रोज. ते तोंड उघडायचे आणि मी हाताने थांबवायची, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला थांबवतात तसं. बोडी, म्हणजे त्यांच्या गावचं ते छोटं तळं, कशी फुटली, ते मला आजतागायत माहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात मी हार मानली आणि मडावीबाईंना बोलावलं. त्या मूळच्या कोरपन्याच्या, चाळिशीच्या, बसस्टँडजवळ त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. स्कूटरवर आल्या, पायरीवर चपला काढल्या, पदर खोचला आणि दुपारी दोन वाजता जमिनीवर बसून डबा उघडला. त्यांना कूलर चालू हवा होता, म्हणून तो चालू. रेकॉर्डिंग नव्हतं, म्हणून मीही समोर नव्हते. मी आत जेवणाच्या टेबलावर माझ्या वहीची स्वच्छ प्रत काढत होते, त्यांना वाचायला सोपी जावी म्हणून.

बाहेर हे बोलत होते.

"तुमी कोरपन्याच्या म्हंजे तुमच्याकडं नाटकं नसन होत. आमच्याकडं धान निंघालं का नाटक. मी बाईचं काम करो, मडावीबाई."

"तुमी, भाऊ? बाईचं?" त्यांचा हसण्याचा आवाज. "अन साडी कोनाची?"

"मायची. एकच होती धडाची. मंग ते कुठी जाईल? ते घरीच बसली चिंधी गुंडाळून, अन मी तिची साडी नेसून स्टेजवर. सगळं गाव पाहून राह्यलं, फक्त माय नाई पाहू शकली."

"अरे देवा."

"अन हिरो म्हंजे आमच्या गावचा पाटील. तो मले जवळ घेवाले आला अन त्याची मिशी माह्या गालाले चिकटली. आता मीच मिशीवाला! पब्लिक म्हंते, अरे, बाईच पाटील झाली!"

मडावीबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला पेचकस खाली पडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. मग यांनी गाणं म्हटलं. बाईच्या प्रवेशाचं, वरच्या पट्टीत, फाटलेल्या घशाने. एक्केचाळीस वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. नाटकाचं मला लग्नाच्या वेळी कळलं होतं, आणि मी कपाळाला आठी घातली होती. तेव्हापासून तो विषय घरात निघाला नव्हता.

मी आतून ओरडले, "अहो, घसा जपा! उद्या रेकॉर्डिंग आहे."

गाणं थांबलं. मग हलक्या आवाजात गप्पा पुन्हा सुरू. दोन तास. धान, तळं, मामाची बैलगाडी, पहिल्यांदा वीज पाहिली तो दिवस, मध्येच माझंही नाव. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं गप्प झाले, पोरं शिक्षिकेला पाहून होतात तशी.

चहा पिताना मडावीबाईंनी मला खाली बसायला सांगितलं. "हे पाहा बाई." प्रोसेसरवरचा पंखा त्यांनी काढला होता. खाली पातळ पत्र्यांची जाळी होती आणि पत्र्यांच्या मधल्या फटी दिसतच नव्हत्या. त्यात करडा गिलावा बसला होता. काडीने टोकरला तर खपली निघाली.

"कूलरपुढी कोन ठेवलं याले?"

"मी. गार राहावं म्हणून."

"कूलरची हवा ओली असते ना बाई. धूळ चिकटते, पान्यातला खार चिकटते, त्याचा होते गारा. आता याले हवाच नाई. कूलर चालू असला तं कसंतरी निभावते. पन तुमी तं बोलाच्या वक्ताले कूलर बंद करता, खिडक्या लावता. मंग पाच मिनिटात तापते. तापलं का आपला जीव वाचवाले हळू चालते, मंग आवाज तुटते. आनखी तापलं का बंदच."

"मग चाचणी का चांगली यायची?"

"किती वेळची?"

"अर्ध्या मिनिटाची."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. माझी वही घेतली, चष्मा लावून पानं उलटली. शिकलेल्या माणसाचं काम पाहून होतो तो आदर त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि म्हणूनच पुढचं वाक्य मला जास्त लागलं.

"सगळं लिवलं बाई तुमी. याच्यात कूलर कुठी हाय?"

नव्हता. सात रकाने होते, कूलरसाठी रकाना नव्हता. दिवसातून सहा-सहा वेळा मी स्वतः तो बंद-चालू करत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलत होते आणि ही एक गोष्ट दर वेळी बदलत होते, आणि ती मला गोष्टच वाटत नव्हती. उन्हाळ्यात इथे कूलर म्हणजे भिंत. भिंतीची नोंद कोण ठेवतो?

त्यांनी जाळी साफ केली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा नवा लेप लावला, यंत्र आतल्या खोलीत कोरड्या कोपऱ्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी सगळं बंद केलं आणि बटण दाबलं. हे बसले. दुपट्टा सारखा केला. तोंड उघडलं आणि वाळक्या पानावरून पाय घासावा तसा आवाज आला, तेवढाच. पुन्हा प्रयत्न केला. तेच. पाणी पिऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसत्या श्वासाने म्हणाले, "काल झालं ना बोलून."

मी यंत्र बंद केलं नाही. ते पूर्ण तासभर चाललं, एकदाही अडलं नाही. त्यात दोन म्हातारी माणसं श्वास घेत आहेत. चार दिवसांनी आम्ही नागपूरला गेलो.

आता आबा बरे आहेत. खातात, फिरतात, क्रिकेट बघतात. गळ्याला लावून बोलायचं एक उपकरण मिळालं होतं. त्यातला आवाज ऐकून त्यांनी ते एकदाच वापरलं. पाटी घेतली आहे, पण पाटीवर ते फक्त कामापुरतं लिहितात: चहा, मीठ, पेपर. तुम्हीही बदललात. पूर्वी दर रविवारी अर्धा तास फोन असायचा. आता माझ्या फोनवर दोन ओळी येतात, आबांना नमस्कार सांग, आणि एक लाल बदाम. मी त्यांना तो दाखवते. ते मान हलवतात. तुम्हाला वाटत असेल, जो बोलू शकत नाही त्याला फोन कसला करायचा. तुमची चूक म्हणत नाही. चुकांची वही माझ्याकडे आहे आणि ती भरली आहे.

परवा मडावीबाई यंत्र साफ करायला आल्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. विचारायला मला वर्ष लागलं. म्हटलं, "त्या दिवशी हे काय काय बोलले, ते मला सांगाल का? सगळं. मी लिहून घेते."

त्या ओशाळल्या. मिशीचं त्यांना आठवत होतं. साडीचंही. मामाची बैलगाडी होती, पण तिचं काय झालं, ते नाही. तळ्याचं काहीतरी होतं. माझ्याबद्दल काय म्हणाले होते, ते मी दोनदा विचारलं.

"चांगलंच म्हनले असन बाई. मी तं काम करून राह्यली होती ना. कान इकडं, हात तिकडं. मले का मालूम, हे कुठी जमा नाई म्हनून? मले वाटलं तुमाले तं सगळं ठावं असन."

हे आरामखुर्चीत बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाटी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. दोन तासांचं बोलणं पाटीवर लिहा असं सांगणारी बायको त्यांना जरा नवीनच वाटली असेल.

आणि गेल्या आठवड्यात, रेवा, तुझा निरोप आला. चाचण्यांच्या त्या स्वच्छ फाइली तू मागितल्यास. चौतीस आहेत. तू लिहिलंस की एवढा आवाज पुरेसा आहे. त्यावरून आबांचा आवाज पुन्हा तयार करता येईल, आपण लिहू ते वाक्य तो बोलेल, आबांना ही भेट द्यायची आहे. तुझा हेतू चांगला आहे, हे मला कळतं. मी चहाच्या वेळी यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पाटी मागितली. बराच वेळ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि माझ्या हातात देऊन उठून गेले.

मी तुला इंग्रजीत कळवलं की आबांना या कल्पनेत फारसा रस नाही, पण त्यांनी तुझं कौतुक केलं आहे. ते खरं नव्हतं. त्यांच्या बोलण्याने माझ्याकडून नेहमीसारखं साफसूफ होऊन तुमच्यापर्यंत जायचं, हे आणखी एकदा झालं, इतकंच. पाटीवर जे होतं ते मी पुसण्याआधी उतरवून घेतलं होतं. अक्षर न बदलता इथे देते आहे:

"रेवाले सांग, मी मेलो नाई अजून. मशीन नोको धाडू. मले बोलता येत नाई, आयकू येते. फोन लावत जा अन तुमीच बोला."